थुंकीची नळी घेऊन निर्ण्याला

तमाम नागरिक, नातेवाईक आणि हितशत्रू यांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचे वय यापुढे एकसष्ट समजण्यात यावे. जन्मदाखल्यावर जे पंचावन्न लिहिले आहे ते केवळ माहितीसाठी असून कोणत्याही गंभीर कामासाठी ग्राह्य धरू नये. हा निकाल लेखकाच्या स्वतःच्या थुंकीने दिलेला आहे आणि त्यावर अपील नाही.

झाले असे, की माझा मेहुणा सतीश डॉक्टर आहे. इतर मेहुणे वाढदिवसाला शर्ट देतात, याने प्लास्टिकची एक नळी दिली. तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचे, झाकणातले निळे पाणी आत सोडायचे, हलवायचे आणि कुरिअरने पाठवायचे. काही आठवड्यांनी अहवाल आला. एवढी पाने मी बी.ए.ला तीन वर्षांत मिळून लिहिली नसतील. त्यात लिहिले होते की मला कोथिंबीर आवडत नसणार. मी कोथिंबीर जुडीने खातो. लिहिले होते की लांब पल्ल्याचे धावणे माझ्या जनुकांतच आहे. मी गच्चीवर जाताना मध्ये एकदा बसतो. तिसऱ्या पानावर माझ्या कानातल्या मळाचे सविस्तर वर्णन होते, ते मी इथे देत नाही.

दोन गोष्टी साफ चुकल्यावर शहाण्या माणसाने पुढचे वाचू नये. पण पुढची गोष्ट हृदयाच्या रकान्यात होती, आणि लाल शाईने होती.

इथे मी दोन ओळी गंभीर होतो, सवय नाही तरी. माझे वडील सत्तावन्नाव्या वर्षी गेले. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी छप्पनाव्या वर्षी गेला, टीव्ही बघता बघता. आमच्या घरात निवृत्त व्हायची पद्धतच नाही. आणि आता रांगेत मी.

"हे लाल म्हणजे शिक्षा नाही, भावजी," सतीश म्हणाला. "विळी प्रत्येक घरात असते. बोट कापतं ते न बघता चिरणाऱ्याचं. जनुकं बदलत नाहीत, पण त्यातलं कोणतं किती जोर करणार, ते तुमचं खाणं, चालणं, झोप, तंबाखू, काळजी यावर बरंचसं ठरतं. अहवालात तुमचं वय एकसष्ट आलंय ते या सवयींच्या खुणा मोजूनच."

"आणि विळीच धारदार असेल तर?"

त्याने अहवाल मिटला. मग त्याने विचारले, "तुमचे एक काका आहेत ना अजून, तिकडे बिदरकडे?"

आहेत. अप्पा. वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. निर्णा नावाच्या गावात, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, शेतात जाऊन लोकांना शिव्या देण्याइतके ठणठणीत. सतीशची योजना अशी, की अप्पांची थुंकी आणायची. तोच लाल दोष त्यांच्यातही निघाला, तर त्यांच्या सवयींनी तो दाबून ठेवला असावा, आणि मग मलाही आशा आहे.

"आणि नाही निघाला तर?"

"तर मग बघू."

डॉक्टरच्या तोंडचा 'बघू' हा मराठी भाषेतला सर्वांत भीतिदायक शब्द आहे. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढले. पिशवीत दोन शर्ट, सतीशने दिलेली दुसरी नळी, आणि नियम एकच: नमुना घेण्याआधी अर्धा तास तोंड रिकामे हवे. चहा, पाणी, पान, तंबाखू काही नाही. पुण्यात बसून हा नियम मला फार सोपा वाटला होता.

कलबुर्गी

गाडीतून उतरलो तेव्हा मी पथ्यावर होतो. स्टेशनाबाहेर आलो आणि पथ्य सुटले. इथे सकाळी सुसला खातात: भिजवलेले चुरमुरे, पोह्यांसारखे फोडणीला टाकलेले, त्यावर फुटाण्याच्या डाळीचे पीठ. हा पदार्थ हलका आहे, हे मी मान्य करतो. पण त्याच्याबरोबर मिरची भजी न घेणाऱ्याकडे गाडीवाला ज्या नजरेने बघतो, ती नजर माझ्या हृदयाला जास्त अपायकारक ठरली असती. चार घेतली.

दुपारी एका खानावळीत गेलो. मालकीणबाई एकाच वाक्यात कानडी, दखनी आणि मराठी बोलत होत्या आणि तिन्ही भाषांत आग्रहच करत होत्या. पापडासारखी पातळ ज्वारीची रोट्टी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्ची मेथी, मुळा. पुण्यात हेच ताट काळ्या पाटीवर वाढतात, शेजारी खडूने 'आजीचं सुपरफूड' लिहितात, आणि आजीला ते खाताना बघायला कोणी तयार नसते.

"ऊटा माडरी, अण्णा, जेवा की," म्हणत त्या तिसरी रोट्टी टाकायला आल्या. मी ताटावर हात धरला. "बास. दोनच खातो मी."

त्यांनी मला डोक्यापासून पोटापर्यंत पाहिले. पुढे बघायची गरज नव्हती.

"दोनच खाता? मग हे पोट कुनाचं हाय?"

शेजारच्या बाकावरचे दोघे कंडक्टर एवढे हसले, की त्यांची गाडी सुटायला उशीर झाला असावा. मी तिसरी रोट्टी घेतली. चौथीही घेतली, पण ती अपमान गिळायला.

पुढे हुमनाबादच्या रस्त्यावर कमलापूर लागते. तिथे लाल सालीची केळी मिळतात, लाल म्हणजे अगदी कुंकवाच्या वळणाची. बसच्या खिडकीतून डझनभर घेतली. केळ्यात पोटॅशियम असते आणि ते हृदयाला चांगले, असे वाचले होते. हृदयासाठी मी पाच केळी खाल्ली.

चिटगुप्पा

चिटगुप्प्याच्या स्टँडवर दत्तूदादा मोटारसायकल घेऊन उभा होता. दत्तूदादा म्हणजे अप्पांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणी सुट्टीत आम्ही येत असू तेव्हा हा चिंचेच्या झाडावर असायचा. आता तो मोटारसायकलवर असतो. तिच्यावरून तो उतरत नाही, ती थांबते आणि लोक त्याच्याकडे येतात.

"आधी काईतरी खाऊ," तो म्हणाला आणि गाडी बेकरीसमोर नेली. क्रीमबन, खारी, दोन कप साखरपाणी, म्हणजे तिकडचा चहा. मग गाडी चार दुकाने पुढे मेडिकलसमोर. दुकानदाराने काही न विचारता गोळ्यांचे पाकीट काढून दिले.

"शुगर?" मी विचारले.

"शुगर हाय, बीपी हाय. मागल्या साली छातीत एक स्प्रिंगबी बसिवलीय." दत्तूदादाने छाती अशी ठोकली जशी कोणी नवीन पंपावर थाप मारतो. "सगळ्यालाच हाय रे. या बाजारात शुगर न्हाई असा मानूस दावून दे मला."

मी बाजार बघितला. भाजीवाल्यांच्या रांगेपेक्षा मेडिकलची रांग लांब होती आणि तिच्यात भाजीवालेही उभे होते.

"पण दादा, ते क्रीमबन..."

"बनाचं काय घिऊन बसलास? रक्तातच हाय आपल्या त्ये. तुझा बाप ग्येला, भाऊ ग्येला. बनानं ग्येले का?"

खरे सांगतो, मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतका सुखाचा विचार मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. रक्तातच असेल तर माणसाच्या हातात काही उरत नाही, आणि हातात काही उरले नाही की त्यात दुसरा बन धरता येतो. धरला.

निर्णा

घरी पोचलो तेव्हा अप्पा शेतात होते. शेत अर्ध्या कोसावर. दत्तूदादा तिथे मोटारसायकलने जातो, आणि मधल्या ओढ्यात पाणी असले तर जात नाही. काकूंनी पाय धुवायला पाणी दिले. काकू चौऱ्याऐंशीच्या. माहेर कमलनगरकडचे. भिंतीला हात न लावता जमिनीवरून उठल्या आणि आत गेल्या. मी नोंद घेतली नाही, कारण मी त्यांच्यासाठी आलो नव्हतो.

तासाभराने अप्पा आले. उंच, वाळलेले, खांद्यावर तुरीच्या शेंगांचा भारा. दारातच थांबून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"कोन हाय गं? धाकल्याचा सासरा आला काय?"

"अवं अरुण हाय त्यो! धाकल्याचा पोरगा!" काकू ओरडल्या. धाकल्या म्हणजे माझे वडील.

"ह्यो पोरगा?" अप्पांनी मला पुन्हा नीट पाहिले. "मह्यापरीस म्हातारा दिसायलाय की."

म्हणजे प्रयोगशाळेने इतकी पाने खर्चून जे सांगितले, ते अप्पांनी दारात उभ्या उभ्या, फुकट आणि जास्त अचूक सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून मी अप्पांच्या सवयींचा अभ्यास सुरू केला. दीर्घायुष्यावरच्या पुस्तकांत अशा म्हाताऱ्यांचे मोठे प्रसन्न फोटो असतात. त्यातले पथ्य, संयम आणि शांत चित्त मी अप्पांच्यात शोधू लागलो. अप्पा साडेचारला उठले आणि पहिला शब्द काढला तो इथे छापता येणार नाही. मग तंबाखूला चुना लावला. ही तंबाखू ते सोळाव्या वर्षापासून खातात. मी वहीत लिहिले आणि खोडले. मग गुळाचा चहा. मग निघाले शेताकडे, मी मागे, खिशात नळी.

वाटेत मौलाभाई भेटले. सत्तरीचे, बांधाला बांध लागून त्यांचे शेत. गेली चाळीस वर्षे त्या बांधावरून दोघांचे भांडण आहे. आजचा हप्ता पंधरा मिनिटे चालला, मग दोघांनी एकमेकांची तंबाखू खाल्ली. शांत चित्त हेही मी खोडले.

"अप्पा, तुम्ही रोज चालत का जाता? दादाची गाडी आहे की."

मला एखादे सुभाषित हवे होते. अप्पा म्हणाले, "दत्तू गाडी लई वंगाळ हानतो. एक बारी नालीत घातलाय मला. जीव प्यारा हाय म्हून चालतो."

झाले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आरोग्याचे रहस्य म्हणजे मुलाच्या गाडीची धास्ती. मी धापा टाकत हे लिहून घेतले.

आता नळीचे. अर्धा तास तोंड रिकामे, एवढीच अट. पण अप्पांचे तोंड हे रिकामे राहण्यासाठी बनवलेले इंद्रिय नव्हे. हरभऱ्याच्या रानातून जाताना ते शेळीसारखे घाटे तोडत आणि सोलत चालतात. तुरीत शिरले की तुरीच्या हिरव्या शेंगा. विहिरीवर गेले की पाणी. वाटेत तीन घरे आणि तिन्ही घरांतून हाक: "अप्पा, च्या घिऊन जावा." नाही म्हणायची पद्धत नाही, कारण तिन्ही घरे भावकीतली आणि एका घरचा चहा घेतला नाही तर बाकी दोन घरांना त्याची बातमी लागते. पुण्यात एखाद्याकडे जाऊन अर्धा तास कोरड्या तोंडाने बसणे मुळीच अवघड नाही. फार तर "चहा घेणार होतात का?" असा भूतकाळातला प्रश्न येतो. इथे मी दिवसभरात सहा वेळा घड्याळ लावले. सर्वांत मोठा विक्रम अकरा मिनिटांचा, आणि त्यातही अप्पा झोपले होते.

येळवस

तिसऱ्या दिवशी येळवस होती. लातूरकडच्या वाचकांना हे सांगणे म्हणजे त्यांच्या ताटात त्यांचेच वाढणे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला या भागात घराला कुलूप लावून सगळे गाव शेतात जेवायला जाते. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटी उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. बायका आदल्या दिवसापासून रांधत असतात. भज्जी नावाचा एक घट्ट रस्सा, ज्यात रानातले सगळे हिरवे दाणे आणि पाले एकत्र शिजतात. बाजरीचे उंडे. ताकातली आंबील, मातीच्या बिंदगीत. गव्हाची खीर. आणि रस्त्याने जाणारा कोणीही असो, ओळखीचा असो, जप्तीला आलेला असो, त्याला हाताला धरून जेवायला बसवतात.

अर्धा तास तोंड रिकामे ठेवायला मी नेमका हाच दिवस निवडला. कारण दुसऱ्या दिवशी दत्तूदादा बिदरला जाणार होता आणि कुरिअर तिथूनच होते.

जेवणे झाली. मी चौथी वाटी खीर संपवून उभा राहिलो आणि जाहीर केले, "आता अर्धा तास अप्पांच्या तोंडात कोणी काही घालायचे नाही!" अप्पांना लिंबाखाली बसवले, चूळ भरायला लावली, तंबाखूची डबी जप्त केली आणि घड्याळ घेऊन समोर पहारा दिला. पहिल्या पाच मिनिटांत भावकीतल्या दोन सुना आंबील घेऊन आल्या. मी हात जोडून परतवल्या. त्यांची तोंडे अशी झाली जशी मी लग्नाची मागणी नाकारली.

दहाव्या मिनिटाला मौलाभाई आले, हातात भज्जीची वाटी. त्यांच्या शेतातही येळवस असते. सण रानाचा आहे, रान कोणाचे हे तो विचारत नाही. मी त्यांनाही अडवले.

मौलाभाईंनी अप्पांच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"क्या जी, अप्पा को रोजा रखाए क्या?"

अप्पांना हसू आवरेना. दत्तूदादा हसून खाली बसला. पण मी हललो नाही. पंचावन्न वर्षांत मी कशासाठी इतका ठाम उभा राहिलो नव्हतो. कोणाला सांगितले नव्हते, पण त्या नळीत मला अप्पांची थुंकी दिसत नव्हती. मला माझी पुढची वीस वर्षे दिसत होती, किंवा दोन.

अर्धा तास झाला. अप्पांनी नळी तोंडाला लावली. आणि तेव्हा कळले की अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तोंडाला पाणी सुटणे हे फक्त म्हणायला असते. बराच वेळ खटपट केली. रेघ वर राहिली, थुंकी तळाला. अप्पा ओशाळले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांना कशात तरी कमी पडल्यासारखे वाटले असावे. "बांध रेटायला सांग रे," ते म्हणाले, "ह्ये कसलं काम देलास?"

मी सतीशला विचारायला निघालो. रानात माझ्या फोनला एकाच जागी रेंज होती, विहिरीच्या काठावर. सतीश म्हणाला, "गाल चोळायला सांगा. चिंच आठवायला सांगा." हा सल्ला घेऊन मी पंधरा मिनिटांनी परत आलो तर काय! नळी रेघेपर्यंत भरलेली. थेंबभरही कमी नाही. अप्पा मिशा पुसत होते आणि सगळे कुटुंब समाधानाने माझ्याकडे बघत होते. मी निळे पाणी सोडले, नळी हलवली, आणि खरे सांगतो, डोळ्यांत पाणी आले. अप्पांच्या तोंडाला नव्हते तेवढे.

नमुना देणाऱ्याचे नाव

चौथ्या दिवशी सकाळी दत्तूदादा बिदरला निघण्याआधी मी ओट्यावर बसून कुरिअरचा फॉर्म भरत होतो. अप्पा शेजारी दोरी वळत होते. काकू आत चुलीपुढे, दार उघडे.

"अप्पा, तुमचं पूर्ण नाव सांगा. इथे नमुना देणाऱ्याचं नाव लिहायचंय."

आतून काकूंचा आवाज आला. "एकाचंच लिवायलास? बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं कुणाचं?"

"अरे, ज्येनी ज्येनी देलं त्येंचं. ह्येंच्या तोंडाला कुटलं आलंय पानी? दत्तूनं देलं, सुनबाईनं देलं, उलसं मी देलं."

माझ्या हातातले पेन थांबले. "काकू! त्यात फक्त अप्पांची हवी होती!"

"व्हय, पर भरंना की त्ये! सनासुदीला अर्धं भांडं शेतातनं घरी न्यावं का? आन परकं कोन हाय त्येच्यात? सगळं एका घरचंच."

दत्तूदादा गाडी पुसत होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मौलाभाईनंबी देलं."

"मौलाभाईंनी?"

"रेघ उलशीच ऱ्हायली व्हती," अप्पा दोरीवरून नजर न काढता म्हणाले. "त्यो म्हनला, म्हई बी घ्या. बांधाला बांध हाय. चाळीस वर्सांत पैल्यांदा कायतरी भरून देलाय, न्हाई कसं म्हनू?"

मी माळवदावर चढलो, मध्ये एकदा बसलो, आणि सतीशला फोन लावला. त्याने सगळे दोनदा सांगायला लावले. मग म्हणाला, "पाठवाच, भावजी. पाच जणांच्या थुंकीचा एक रिपोर्ट आला तर मी जागतिक परिषदेत वाचतो." मग म्हणाला, फेकून द्या, दुसरी नळी मागवू, यायला दोन महिने लागतील.

मी खाली आलो तो जड मनाने, असे मी लिहिणार होतो. पण प्रवासवर्णनात निदान एक तरी खरी गोष्ट असावी. मला सुटल्यासारखे वाटत होते. दोन महिने निकाल नाही, म्हणजे दोन महिने जनुकांवर शंका घ्यायला आणि मिरची भजी खायला मोकळीक.

ओट्यावर बसून मी सहज विचारावे तसे विचारले, "अप्पा, बाबा लहानपणापासून नाजूक होते का हो?"

"कोन? धाकल्या?" दोरी थांबली. "आरं, मह्यापरीस दांडगा व्हता त्यो. तुरीचं पोतं पाठीवर घिऊन ओढा वलांडायचा. मला जमलं न्हाई कवा. कुस्तीत मला चार बारी लोळिवलाय."

"मग?"

"मग साह्येब झाला. खुर्चीत बसला. शिग्रेटी वढायला शिकला. शेवटच्या येळवशीला आल्ता, तवा म्हनला, दादा, रस्त्यापासनं खोपीपतोर गाडी न्हाई का जात?" अप्पांनी दोरीला पीळ दिला. "तवाच मला भ्या वाटलं व्हतं."

हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरात वडिलांविषयी एकच वाक्य होते: त्यांचे हृदय जन्मतःच कमकुवत होते. भाऊ तेच म्हणायचा, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात फरसाण घेऊन. मीही तेच म्हणतो. हे वाक्य आमच्याकडे पिढीजात आहे, दागिन्यासारखे.

"पण अप्पा, रक्ताचं काहीतरी असेलच ना?"

"असंल की. मह्या बराबरीचे चौघं व्हते, म्हई भाकर ती त्येंची भाकर, म्हई वाट ती त्येंची वाट. साठीतच ग्येले. कामून ग्येले, देवाला म्हाईत." त्यांनी दाराकडे हनुवटी केली. "पर दत्तू मह्याच रक्ताचा हाय का न्हाई? आन ही आत बसलीय ती तर कमलनगरची. तिच्यात मह्या रक्ताचा थेंब न्हाई. बघ की."

मी बघितले. डावीकडे दत्तूदादा: अप्पांचे रक्त, त्यावर स्प्रिंग, खिशात गोळ्या. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायची होती, म्हणून तो गाडीला किक मारत होता. उजवीकडे चुलीपुढे मांडी घालून चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू: हातावर भाकरी फिरते आहे, आणि टोपल्यात आधीच्या वीसेक. चार दिवस मी ज्या म्हाताऱ्याच्या मागे नळी घेऊन हिंडत होतो, त्याने त्या चार दिवसांत स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्याही भरून घेतला नव्हता. तो भरणारी बाई माझ्यासमोरून दिवसातून शंभर वेळा उठत-बसत होती, आणि नळीत तिची थुंकी आल्याचे मला दुःख झाले होते.

मग मात्र मला राहवले नाही. मी ओट्यावर उभा राहिलो, एक हात छातीवर ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलू लागलो. "म्हणजे अप्पा, हे रक्तात असेल तर काहीही सोडून उपयोग नाही! आणि सवयीत असेल तर सगळंच सोडावं लागणार! बन सोडायचे, भजी सोडायची, खुर्ची सोडायची, उद्यापासून पायी हिंडायचं! आणि एवढं करून त्या चौघांसारखा साठीत गेलो तर? आणि नाही केलं तर सत्तावन्नातच! सांगा, माणसानं करावं तरी काय?"

समोरच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. दत्तूदादाने गाडी बंद केली. अप्पांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. इतक्यात आतून, तव्यावरची भाकरी उलटता उलटता, काकू ओरडल्या,

"मरायचं का जगायचं त्ये बिगी बिगी ठरीव रे बाबा, भाकर निवायली!"